चुलीचा धूर, गाडीचा धूर

गेल्या आषाढातील गोष्ट. पावसाने असा जोर धरला होता की समोरचा रस्ताही दिसत नव्हता. झड थेट आत येऊ लागली तेव्हा बाबांनी गॅरेजचे शटर अर्ध्याहून खाली ओढून घेतले. आत एक जुनी कार्बोरेटरची गाडी सुरू होती. बाबा तिच्या मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवीत कान लावून ऐकत होते, आणि मी टेबलाशी बसून हिशेबाची वही लिहीत होते. अर्ध्या तासात माझे डोके जड झाले, कपाळाच्या शिरा ठणकू लागल्या. बाबांच्या हाताखालचा मुलगा ओकारी येते म्हणून भर पावसात बाहेर जाऊन उभा राहिला.

"पित्त झाला आसतला," बाबा म्हणाले. "पावसात असा होताच."

हे निदान आमच्या घरात वर्षानुवर्षे चालत आलेले आहे. पावसाळा लागला की बाबांचे पित्त उठते आणि संध्याकाळी आई त्यांना आमसुलाचे पाणी देते. पण हे पित्त पावसाळ्यातच का उठते, गॅरेजातच का उठते आणि गॅरेज बंद असते त्या दिवशी का उठत नाही, असे कोणी कधी विचारले नव्हते. तो प्रश्न त्या दिवशी मला पडला. त्याचे उत्तर शोधताना जे समजले ते या लेखात मांडत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. त्यामुळे पुस्तकातली नावे मी शोधली आहेत, पण यंत्र मला समजावून दिले ते सातवी शिकलेल्या बाबांनी.

धूर होतो कसा?

पावसाळ्यात ओली लाकडे चुलीत घातली की स्वयंपाकघर धुराने भरते. आई फुंकणी घेते, दोन फुंकरा मारते, भडका उठतो आणि धूर कमी होतो. फुंकणीतून गेली ती हवा, म्हणजे हवेतील प्राणवायू. जळणाला पुरेसा प्राणवायू मिळाला की ते पूर्ण जळते. अपुरा मिळाला की अर्धवट जळते. धूर म्हणजे अर्धवट जळण. दशावताराच्या रात्री पेट्रोमॅक्सची बत्ती भगभगू लागली की माणूस उठून पंप मारतो आणि पिन फिरवतो, तेही तेल आणि हवा यांचा मेळ बसवण्यासाठीच.

इंजिन ही एक बंद चूल आहे. तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा एकत्र येतात, पिस्टन त्यांना दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि मिनिटाला हजारो वेळा भडका होतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हाच हिशेब आकारमानात केला तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. आपण 'गाडी पेट्रोल पिते' म्हणतो, पण खरे पाहता ती पेट्रोलपेक्षा हवाच कितीतरी अधिक पिते. हा १४.७ चा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्याच्याभोवती फिरते.

हवा कमी पडली तर सायलेन्सरमधून दोन गोष्टी निघतात. पहिली कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे अर्धवट जळलेल्या कार्बनचा वायू. दुसरी हायड्रोकार्बन, म्हणजे न जळताच बाहेर पडलेले पेट्रोल. तिसरा विषारी घटक मात्र उलट स्वभावाचा आहे. इंजिनातील भडक्याचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्याही वर जाते. एवढ्या उष्णतेत हवेतला एरवी निरुपद्रवी असणारा नत्रवायू प्राणवायूशी संयोग पावतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. म्हणजे चूल मंद जळली तर पहिले दोन वाढतात आणि चांगली तापली तर तिसरा वाढतो. यांत्रिकांना इतकी वर्षे झगडावे लागले ते या पेचाशी.

यांपैकी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरून ठेवते. मग माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला प्राणवायू पोचत नाही. पहिली लक्षणे कोणती? डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे. हे वाचले तेव्हा ग्रंथालयात बसल्या जागी मला बाबांचे 'पित्त' आठवले.

विषाच्या तीन वाटा

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या प्रीमियर पद्मिनी गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत. आपल्या जिल्ह्यातला कोणता चाकरमानी त्यांत बसला नसेल? मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. बाबा हे काम शिकले ते असल्याच गाड्यांवर. ते सांगतात की त्या काळच्या इंजिनातून घाण तीन वाटांनी बाहेर पडे.

पहिली वाट सायलेन्सरची. दुसरी इंजिनाच्या पोटातली. भडका होताना थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या भागात उतरतो. तो कोंडून राहिला तर ऑइल खराब होते आणि सील फुटतात. म्हणून जुन्या इंजिनांना एक उघडी नळी असे, 'ब्रीदर पाइप'. तिच्यातून तो तेलकट धूर सरळ रस्त्यावर जाई. तिसरी वाट तर गाडी बंद असतानाची. मे महिन्याच्या उन्हात टाकी आणि कार्बोरेटर तापले की पेट्रोलची वाफ आपोआप उडून जाई. गाडी उभी, धूर शून्य, पण हवेत पेट्रोल मिसळतेच आहे!

एकेका वाटेवर पहारा

दुसऱ्या वाटेचा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत आधी निघाला. उघडी नळी रस्त्याकडे न सोडता इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या मार्गाला जोडली आणि मध्ये एक लहान झडप बसवली. इंजिन स्वतःच तो धूर ओढून घेते आणि पुन्हा जाळते. ही 'पीसीव्ही' झडप अंगठ्याएवढी असते. ती ऑइलच्या चिकट्याने अडकली की पोटातला दाब वाढतो आणि ऑइल गळू लागते. गिऱ्हाईक म्हणते, 'इंजिन उतरवा.' पुष्कळदा काम झडप धुण्यापुरतेच असते.

तिसऱ्या वाटेवर कोळशाचा डबा बसवला. विहिरीचे पाणी गाळायला वाळू आणि कोळसा वापरत, हे आपल्या आजीपणजींना ठाऊक होते. तसाच हा सच्छिद्र कोळसा. टाकीतली वाफ त्यात शोषली जाते, आणि गाडी सुरू झाली की इंजिन ती डब्यातून ओढून जाळते. जे पूर्वी उडून जात होते ते पेट्रोल आता गाडीच वापरते.

नायट्रोजन ऑक्साइडसाठी केलेली युक्ती मला सर्वांत गमतीची वाटली. सायलेन्सरकडे निघालेल्या धुराचा थोडासा भाग वळवून पुन्हा इंजिनात घालतात. एकदा जळलेला धूर पुन्हा जळत नाही. तो नुसता जागा अडवतो आणि उष्णता पितो. त्यामुळे भडक्याचे तापमान उतरते आणि तो वायू कमी तयार होतो. भडकलेल्या चुलीवर राख सारावी तसेच हे. याला 'ईजीआर' म्हणतात. सगळ्या गाड्यांना ती नसते, आणि असली तरी काजळीने तिची वाट बुजते.

जाळी

या तिन्ही उपायांनंतरही सायलेन्सरमधून जे येते त्याच्यासाठी शेवटी आहे ती 'जाळी'. पुस्तकात तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. बाहेरून ती सायलेन्सरच्या नळीवरची एक फुगीर डबी दिसते. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीसारखी वीट असते. तिच्या अंगावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ थर असतो. सगळा मिळून काही ग्रॅमच. हे धातू स्वतः खर्ची पडत नाहीत. लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखे ते दोन पक्षांना एकत्र आणतात आणि बाजूला होतात. कार्बन मोनॉक्साइड आणि उरलेले पेट्रोल यांना प्राणवायू मिळवून देऊन त्यांचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात, तर नायट्रोजन ऑक्साइडमधला प्राणवायू काढून घेऊन साधा नत्रवायू सोडतात. कार्बन डायऑक्साइड मात्र उरतोच. जाळी विष मारते, हवामानावरचा भार उतरवीत नाही, एवढे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

या मध्यस्थाच्या अटी मात्र कडक आहेत. पहिली अट उष्णतेची. सुमारे अडीचशे ते तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय जाळी काम करीत नाही. सकाळी चोक ओढून गाडी सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटे ती असून नसल्यासारखीच.

दुसरी अट मिश्रणाची. एकाच जाळीने तिन्ही वायूंचा निकाल लावायचा तर मिश्रण त्या १४.७ च्या अगदी जवळ राहिले पाहिजे. कार्बोरेटरला हे साधत नाही. चढ, उतार, थंडी, गरमी यांप्रमाणे त्याचे माप हलते. म्हणून इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांच्या सायलेन्सरच्या नळीत प्राणवायू मोजणारा एक सेन्सर असतो. धुरात प्राणवायू उरला म्हणजे पेट्रोल कमी पडले. उरला नाही म्हणजे जास्त झाले. ही वर्दी क्षणाक्षणाला गाडीच्या संगणकाकडे जाते आणि तो पेट्रोल कमीजास्त करतो. बाबा स्क्रू फिरवून कानाने जे करतात तेच काम तो सेन्सर न थकता करतो.

तिसरी अट शिशाची. इंजिनात खडखड होऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची युक्ती अमेरिकेत १९२१ मध्ये निघाली आणि जगभर पसरली. शिसे माणसाला विषारी, विशेषतः मुलांच्या मेंदूला. ते जाळीलाही विषारी, कारण ते धातूच्या थरावर बसते आणि थर निकामी करते. युजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने १९५० च्या दशकातच मोटारींसाठी जाळी तयार केली होती, पण शिशाच्या पेट्रोलपुढे तिचा टिकाव लागेना. अमेरिकेत १९७५ च्या सुमारास जाळ्या सर्रास आल्या त्या बिनशिशाच्या पेट्रोलबरोबरच.

आपल्याकडेही हाच क्रम दिसतो. पेट्रोलच्या गाड्यांना धुराचे पहिले नियम १९९१ मध्ये लागले. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना जाळी सक्तीची झाली आणि त्याच वेळी तिथे बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. सबंध देशात शिसे बंद झाले ते २००० साली. पुढची वाट आखून देण्यासाठी सरकारने २००१ मध्ये जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपल्या शेजारच्या गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले शास्त्रज्ञ. 'भारत स्टेज दोन' देशभर २००५ मध्ये, 'तीन' २०१० मध्ये, 'चार' २०१७ मध्ये आणि पाचवी पायरी गाळून 'सहा' २०२० मध्ये लागू झाली. नव्या गाड्या या मापांत बसतात की नाही हे तपासणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्याच्या टेकडीवर आहे: १९६६ साली स्थापन झालेली 'एआरएआय'.

कागद काय सांगतो?

जुन्या गाडीच्या मालकाचा धुराशी संबंध येतो तो पीयूसीच्या कागदापुरता. या कागदावर पेट्रोलच्या गाडीसाठी दोन आकडे असतात. भारत स्टेज दोनच्या आधीच्या मोटारीला, गाडी जागेवर सुरू असताना, धुरात कार्बन मोनॉक्साइड शेकडा ३ पर्यंत चालते. स्टेज दोन आणि तीनच्या गाडीला शेकडा ०.५, चारच्या गाडीला शेकडा ०.३. दुसरा आकडा हायड्रोकार्बनचा. नायट्रोजन ऑक्साइड या चाचणीत मोजलेच जात नाहीत. म्हणजे ईजीआरची वाट बुजली तरी कागद 'पास'च म्हणतो.

आता एक साधा हिशेब. हवेत कार्बन मोनॉक्साइड हजारात दीड-दोन भाग झाला तरी तास-दोन तासांत माणूस दगावू शकतो. आणि शेकडा ३ म्हणजे हजारात तीस! म्हणजे पीयूसी 'पास' झालेली जुनी गाडीसुद्धा बंद खोलीत जीवघेणी आहे. उघड्या रस्त्यावर धूर पांगतो म्हणून आपण वाचतो. अर्धे शटर ओढलेल्या गॅरेजात तो पांगत नाही.

डोळ्यांना दिसणाऱ्या धुराचा अर्थ बाबा चटकन लावतात. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, निळसर म्हणजे ऑइल जळते आहे, थंड सकाळचा पांढरा म्हणजे बहुधा नुसती वाफ. पण जो जीव घेतो तो यांत कुठेच नाही. मी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडून बाबांना दाखवला. ते काही बोलले नाहीत. श्रावण लागण्यापूर्वी मात्र त्यांनी शटरच्या पुढे पत्र्याची पडवी काढली आणि सायलेन्सरला लावून धूर बाहेर सोडायला एक लांब नळी आणली.

सरळ पाइप

भाद्रपदात, गणपतीला आलेल्या एका चाकरमान्याची जुनी इंजेक्शनची गाडी आमच्याकडे आली. त्यांना फोंडा घाटाने परत जायचे होते. ते म्हणाले, "मेस्त्रीनू, गाडी घाट चढना नाय. ती जाळी काढून टाका आणि सरळ पायप घाला. गावात कोण बघता?"

जाळी खरोखरच चोंदली होती. पण बाबा म्हणाले, "चोंदली कशान, ता आधी बघूया." त्यांनी प्लग काढले. चारांपैकी एका प्लगची वायर मेलेली होती. त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नव्हती आणि तिथले पेट्रोल न जळता थेट जाळीत जाऊन तिथे जळत होते. त्या आगीने आतली वीट वितळून बसली होती. शिवाय आपल्या खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सरची नळी सेन्सरच्या अलीकडेच गंजून तिला भोक पडले होते. त्या भोकातून बाहेरची हवा आत शिरे, सेन्सरला वाटे की पेट्रोल कमी पडते आहे, आणि संगणक आणखी पेट्रोल ओती. म्हणजे जाळी हा रोग नव्हताच. चूल बिघडली होती आणि दोष धुराड्याला मिळत होता.

बाबांनी वायर बदलायला, नळी झाळायला आणि नवी जाळी मागवायला सांगितले. जाळीची किंमत ऐकून त्या गृहस्थांनी गाडी दुसरीकडे नेली. दुसऱ्या दिवशी ती आमच्या समोरून गेली तेव्हा बाबांनी मान वर न करता नुसत्या आवाजावरून ओळखले: सरळ पाइप. गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याची बंदी आहे. पण रस्त्यावर त्या आवाजाकडे कोणी पाहिलेही नाही.

इथे मी त्या गृहस्थांना दोष देऊन मोकळी होऊ शकत नाही. त्याच संध्याकाळी मी हिशेबाची जुनी पाने चाळली. मागच्या दोन वर्षांत तीन ठिकाणी नोंद आहे: 'जाळी काढून सरळ पाइप बसवणे.' कामे बाबांनी केलेली, पैसे जमा झालेले, आणि अक्षर माझे. तेव्हा त्या ओळीचा अर्थ मला ठाऊक नव्हता. बाबांनाही 'गाडी ओढते, गिऱ्हाईक खूश' एवढाच अर्थ ठाऊक होता. त्यातल्या एका कामाच्या पैशातून माझी परीक्षेची फी भरली गेली असेल, नसेल. वहीवरून ते कळत नाही.

एवढे शोधून मला जे उमगले ते असे. जुन्या गाडीचा धूर आवरणारे यंत्र म्हणजे केवळ ती डबी नव्हे. प्लग, वायर, हवेचा फिल्टर, अंगठ्याएवढी झडप, नळीचे सांधे आणि गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाचे मन हे सगळे मिळून ते यंत्र होते. जाळी फक्त उरलेले पुसते. आधीच्या कोणी काम टाकले की सगळा बोजा तिच्यावर येतो, आणि मग तिलाच काढून टाकण्याची भाषा होते.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुनी गाडी आहे. तिला पीयूसीसाठी खरोखर घेऊन जावे, नुसता नंबर पाठवू नये. कागदावरचे दोन आकडे वाचावेत आणि मागच्या वेळेपेक्षा वाढले असतील तर मेस्त्रीला कारण विचारावे. आणि पाऊस कितीही असो, बंद पडवीत गाडी सुरू ठेवू नये.

पडवी काढल्यावर राहिलेला सगळा पावसाळा गेला. आईने आमसुलांची बरणी भरून ठेवली होती. त्या पावसात बाबांनी ती एकदाही मागितली नाही.